काँक्रीटची सुकार्यता वाढविणारी रासायनिक मिश्रके

काँक्रीटची सुकार्यता वाढविणारी रासायनिक मिश्रके ही सिमेंट, वाळू, खडी व पाणी यांच्या मिश्रणात अल्प प्रमाणात घातली जाणारी द्रव्ये होत. त्यांच्यामुळे ताजे काँक्रीट पाण्याचे प्रमाण न वाढविता अधिक प्रवाही होते, किंवा तेवढीच प्रवाहिता कमी पाण्यात मिळते. सर्वसामान्यपणे त्यांचे प्रमाण सिमेंटच्या वजनाच्या दोन टक्क्यांपेक्षा कमी असते. काँक्रीटचे सामर्थ्य आणि टिकाऊपणा मुख्यतः पाणी व सिमेंट यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असल्याने आधुनिक बांधकामात या द्रव्यांना महत्त्व आले आहे.

या लेखात मिश्रकांचे कार्य, प्रकार, भारतीय मानके व मर्यादा यांची माहिती दिली आहे. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत मुसळधार पाऊस, कडक उन्हाळा, दगडापासून केलेली वाळू आणि काँक्रीट वाहनांचा लांबचा प्रवास या चारही गोष्टी एकत्र येत असल्याने तेथील परिस्थितीचाही विचार केला आहे.

संज्ञा

ताजे काँक्रीट विलग न होता मिसळणे, वाहून नेणे, साच्यात ओतणे आणि दाबून बसविणे किती सोपे आहे, यास सुकार्यता म्हणतात. खडी खाली बसली व पाणी वर आले, तर मिश्रण कितीही पातळ असले तरी त्यास सुकार्य म्हणता येत नाही.

ही मिश्रके बांधकामाच्या जागी ‘अ‍ॅडमिक्शर’ किंवा नुसते ‘केमिकल’ या नावाने ओळखली जातात. पाण्याची गरज थोडी कमी करणाऱ्या द्रव्यांना प्लॅस्टिसायझर आणि मोठ्या प्रमाणात कमी करणाऱ्यांना सुपरप्लॅस्टिसायझर म्हणतात. प्लॅस्टिक या पदार्थाशी या नावांचा संबंध नाही. मिश्रण लवचीक व घडविण्यास सोपे करणारे द्रव्य, एवढाच त्यांचा अर्थ आहे. दुकानात मिळणारे ‘वॉटरप्रूफिंगचे लिक्विड’ हा वेगळा प्रकार आहे. त्याने प्रवाहिता थोडीफार वाढत असली, तरी ते सुपरप्लॅस्टिसायझरचे काम करू शकत नाही.

पाणी आणि सामर्थ्य

काँक्रीटमध्ये पाणी दोन कामे करते. पहिले काम सिमेंटशी रासायनिक संयोग पावून त्यास दगडासारखे कठीण करण्याचे. यात सिमेंटच्या वजनाच्या सुमारे २३ टक्के पाणी बांधले जाते आणि आणखी सुमारे १५ टक्के पाणी तयार होणाऱ्या पदार्थाच्या अतिसूक्ष्म छिद्रांत अडकून राहते. म्हणजे सिमेंटच्या वजनाच्या ३८ टक्क्यांच्या आसपास पाणी या कामास पुरते. दुसरे काम मिश्रणाला वंगण पुरविण्याचे. एवढ्याच पाण्यात केलेले काँक्रीट इतके घट्ट होते की ते सळयांच्या जाळीतून खाली उतरत नाही. म्हणून हाताने काम करणाऱ्यांचा कल जास्तीचे पाणी ओतण्याकडे असतो.

रासायनिक संयोगात भाग न घेतलेले पाणी कालांतराने निघून जाते व त्याच्या जागी पोकळ्या उरतात. या पोकळ्यांमुळे सामर्थ्य घटते. त्यांतूनच पुढे पावसाचे पाणी व हवा आत शिरून सळया गंजतात. सळई गंजली की तिचे आकारमान वाढते आणि वरचे काँक्रीट फुटून निघते. जुन्या स्लॅबच्या खालच्या बाजूने पोपडे पडतात, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

अमेरिकी संशोधक डफ एब्रॅम्स यांनी १९१८ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, सुकार्य काँक्रीटचे सामर्थ्य पाणी-सिमेंट गुणोत्तर वाढत जाईल तसे घटत जाते. सिमेंटच्या ५० किलोच्या एका गोणीला ०.४५ या गुणोत्तराने २२.५ लिटर पाणी लागते. माल पातळ व्हावा म्हणून त्यात आणखी साडेसात लिटर, म्हणजे साधारण अर्धी बादली पाणी ओतले, की गुणोत्तर ०.६० होते. एवढ्याने सामर्थ्य सुमारे एक तृतीयांशाने कमी होऊ शकते. सिमेंट तेवढेच, मजुरी तेवढीच आणि स्लॅब दिसायलाही तसाच असल्याने हे नुकसान त्या वेळी कोणाच्या लक्षात येत नाही.

कार्यपद्धती

पाण्यात पडल्यावर सिमेंटचे बारीक कण एकमेकांना चिकटून पुंजके करतात. पिठले करताना बेसन नीट न ढवळल्यास गुठळ्या होतात आणि गुठळीच्या आत काही भाग अडकून राहतो, तसाच हा प्रकार आहे. सिमेंटच्या पुंजक्यांत पाणी अडकून पडते आणि ते वंगणाचे काम करू शकत नाही. मिश्रकाचे रेणू सिमेंटच्या कणांवर बसून त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतात. पुंजके फुटले की अडकलेले पाणी मोकळे होते आणि तेवढ्याच पाण्यात मिश्रण वाहू लागते.

कणांना दूर ठेवण्याच्या दोन रीती आहेत. जुन्या पिढीतील द्रव्ये कणांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार निर्माण करतात. समान भार एकमेकांस ढकलत असल्याने कण विखुरतात. नव्या पिढीतील पॉलिकार्बोक्सिलेट ईथरचा रेणू कंगव्यासारखा असतो. त्याचा कणा सिमेंटच्या कणाला चिकटतो आणि दातांसारख्या लांब बाजूशाखा पाण्यात पसरून दुसऱ्या कणास जवळ येऊ देत नाहीत. ही अडवणूक भौतिक स्वरूपाची असल्याने तिचा प्रभाव अधिक असतो व तो जास्त वेळ टिकविता येतो.

मिश्रक सिमेंटची जागा घेत नाही किंवा स्वतः काँक्रीटला सामर्थ्य देत नाही. ते पाणी कमी करण्याची सोय करते. त्या सोयीचा उपयोग केला तरच सामर्थ्य वाढते. मिश्रक घालूनही नेहमीइतकेच पाणी वापरले, तर मिश्रण अधिक पातळ होते, पण सामर्थ्य होते तेवढेच राहते.

इतिहास

बांधकामाच्या मालात सेंद्रिय द्रव्ये घालण्याची प्रथा सिमेंटपेक्षा जुनी आहे. भारतात चुन्याच्या बांधकामात गुळाचे पाणी, हिरड्याचा काढा व बेलफळाचा गर मिसळीत असत. यांतील शर्करा व टॅनिन यांमुळे चुना कामास मऊ होतो आणि तो घट्ट होण्याच्या गतीवरही परिणाम होतो. शहापूर तालुक्यातील तानसा धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले, तेव्हा चुन्यातील दगडी बांधकाम हीच मोठ्या धरणांची रूढ पद्धत होती.

कागदासाठी लाकडाचा लगदा करताना मिळणाऱ्या लिग्नोसल्फोनेट या उपपदार्थाचा काँक्रीटमध्ये वापर १९३० च्या दशकात अमेरिकेत सुरू झाला. १९६० च्या दशकात जपानमध्ये केनिची हात्तोरी यांनी नॅफ्थलीनवर आधारित द्रव्य विकसित केले. त्याच दशकात जर्मनीमध्ये मेलामाइनवर आधारित द्रव्य पुढे आले. येथून सुपरप्लॅस्टिसायझरचे युग सुरू झाले. १९८० च्या दशकात जपानमध्ये पॉलिकार्बोक्सिलेट वर्गातील द्रव्ये वापरात आली. तोक्यो विद्यापीठातील हाजिमे ओकामुरा यांनी १९८६ मध्ये स्वतःच्या भाराने साचा भरून काढणाऱ्या काँक्रीटची कल्पना मांडली आणि १९८८ मध्ये त्याचा पहिला नमुना तयार झाला. व्हायब्रेटर फिरविणारे कुशल कामगार कमी होत चालले असतानाही काम टिकाऊ व्हावे, हा त्यामागील हेतू होता. भारतात या द्रव्यांसाठी आयएस ९१०३ हे मानक १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले व १९९९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली.

प्रकार

लिग्नोसल्फोनेट – सर्वांत जुने व स्वस्त प्लॅस्टिसायझर. पाण्यात सुमारे ५ ते १० टक्के बचत होते. त्यातील शर्करेच्या अंशामुळे काँक्रीट घट्ट होण्यास थोडा विलंब लागतो.

सल्फोनेटेड नॅफ्थलीन फॉर्माल्डिहाइड – गडद तपकिरी रंगाचे द्रव. पाण्यात २० टक्के वा त्याहून अधिक बचत होते. वाळूतील मातीच्या अंशाला ते पॉलिकार्बोक्सिलेटपेक्षा कमी संवेदनशील असते. मात्र मिळालेली प्रवाहिता तुलनेने लवकर ओसरते.

सल्फोनेटेड मेलामाइन फॉर्माल्डिहाइड – रंगहीन व घट्ट होण्यास फारसा विलंब न लावणारे. कारखान्यात तयार होणाऱ्या काँक्रीटच्या भागांसाठी उपयुक्त.

पॉलिकार्बोक्सिलेट ईथर – कमी मात्रेत सर्वाधिक परिणाम. पाण्यात ३० टक्क्यांपर्यंत व कधी त्याहून अधिक बचत होते. बाजूशाखांची लांबी व संख्या बदलून हवे ते गुणधर्म साधता येतात. स्वयंसंघनित काँक्रीट प्रामुख्याने याच वर्गावर आधारलेले आहे.

यांशिवाय घट्ट होण्याची क्रिया लांबविणारी मंदके आणि ती लवकर घडविणारी त्वरके अशीही द्रव्ये असतात. लांबच्या वाहतुकीसाठी मंदक व सुपरप्लॅस्टिसायझर यांचे एकत्रित द्रव वापरले जाते.

भारतीय मानके

आयएस ९१०३ नुसार, समान परिस्थितीतील साध्या काँक्रीटच्या तुलनेत प्लॅस्टिसायझरने पाणी किमान ५ टक्के आणि सुपरप्लॅस्टिसायझरने किमान २० टक्के कमी झाले पाहिजे. आयएस ४५६:२००० या मानकाने मंदक, प्लॅस्टिसायझर व सुपरप्लॅस्टिसायझर यांच्या मात्रेवर सिमेंटयुक्त द्रव्याच्या वजनाच्या अनुक्रमे ०.५, १.० व २.० टक्के अशी मर्यादा घातली आहे. चाचणीचा आधार असेल आणि उत्पादक व बांधकाम करणारा यांची सहमती असेल, तरच अधिक मात्रा वापरता येते. सळईयुक्त काँक्रीटमध्ये क्लोराइडचे एकूण प्रमाण एका घनमीटरला ०.६ किलोपेक्षा जास्त असू नये, असेही हे मानक सांगते. क्लोराइडमुळे सळया गंजत असल्याने मिश्रकातील क्लोराइडची नोंद पाहणे आवश्यक असते.

याच मानकात परिसराच्या तीव्रतेनुसार काँक्रीटचे किमान निकष दिले आहेत. जोरदार पावसाला उघडे असलेले किंवा आलटून पालटून भिजणारे व सुकणारे काँक्रीट ‘तीव्र’ वर्गात मोडते. अशा सळईयुक्त कामास किमान एम ३० प्रत, एका घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट आणि कमाल ०.४५ पाणी-सिमेंट गुणोत्तर सांगितले आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या शहापूर व मुरबाडमध्ये उघड्यावरील छज्जे, पाण्याच्या टाक्या, साकव व गिलावा नसलेले खांब या वर्गात येऊ शकतात. मिश्रकाशिवाय एवढ्या कमी पाण्यात हाताळण्याजोगे काँक्रीट करणे अवघड आणि खर्चिक ठरते. पुढील उदाहरणावरून हे स्पष्ट होईल.

प्रमाण ठरविण्याचे उदाहरण

काँक्रीटचे प्रमाण ठरविण्याच्या आयएस १०२६२:२०१९ या मानकानुसार २० मिलिमीटर आकाराच्या टोकदार खडीच्या काँक्रीटला ५० मिलिमीटर स्लम्पसाठी एका घनमीटरला १८६ लिटर पाणी धरतात. स्लम्प दर २५ मिलिमीटरने वाढविण्यासाठी पाणी सुमारे ३ टक्के वाढवावे लागते. त्यामुळे १०० मिलिमीटर स्लम्पसाठी सुमारे १९७ लिटर पाणी लागेल.

मिश्रक नसल्यास ०.४५ गुणोत्तर राखण्यासाठी १९७ भागिले ०.४५, म्हणजे सुमारे ४३८ किलो सिमेंट लागते. सुपरप्लॅस्टिसायझरमुळे पाणी २० टक्के घटून सुमारे १५८ लिटर झाल्यास सिमेंट सुमारे ३५१ किलो पुरते. दोन्ही काँक्रीटांचे गुणोत्तर आणि प्रवाहिता समान असूनही दुसऱ्यात सिमेंट ८७ किलोने, म्हणजे पावणेदोन गोण्यांनी कमी लागते. मिश्रकाची मात्रा ०.८ टक्के धरल्यास ते एका घनमीटरला २.८ किलो किंवा एका गोणीला ४०० ग्रॅम होते.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे. एवढ्या क्षेत्रावर १० सेंटिमीटर जाडीचा स्लॅब घातल्यास अडीच घनमीटर काँक्रीट लागते. वरील प्रमाणाने त्यास सात किलो मिश्रक लागेल आणि सिमेंटच्या चार गोण्यांहून अधिक बचत होईल. प्रत्यक्ष कामासाठी प्रमाण अर्थातच अभियंत्याने त्या कामाची खडी, वाळू व सिमेंट तपासून ठरवावे लागते.

शहापूर व मुरबाड परिसरातील परिस्थिती

खडी व वाळू

हा परिसर दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. खदानीतून काढून क्रशरवर फोडलेली खडी मजबूत असते, पण तिचे तुकडे टोकदार व काही वेळा चपटे असतात. गोल गोट्यांच्या तुलनेत त्यांना वंगण म्हणून अधिक पाणी लागते. नदीच्या वाळूच्या उपशावर निर्बंध आल्यापासून दगड दळून केलेली क्रश सँड सर्वत्र वापरली जाऊ लागली आहे. ७५ मायक्रॉनहून बारीक भुकटीचे प्रमाण नैसर्गिक वाळूत ३ टक्क्यांपर्यंत, तर दगडी वाळूत १५ टक्क्यांपर्यंत चालते, असे आयएस ३८३:२०१६ सांगते. भुकटी वाढली की पाण्याची गरज वाढते.

ही भुकटी शुद्ध दगडाची असल्यास फारसे बिघडत नाही. खदानीवरील माती त्यात मिसळल्यास मात्र अडचण येते. काही प्रकारच्या चिकणमातीचे थर पॉलिकार्बोक्सिलेटच्या बाजूशाखा स्वतःमध्ये ओढून घेतात. मग मिश्रक सिमेंटपर्यंत पोहोचतच नाही आणि ‘केमिकल घातले तरी माल सुटत नाही’ अशी तक्रार होते. अशा वेळी मात्रा वाढविण्यापेक्षा धुतलेली वाळू वापरणे योग्य ठरते.

वाहतूक

मोठ्या कामांसाठी काँक्रीट प्रकल्पातून तयार होऊन फिरत्या पिंपाच्या वाहनांनी येते. मुंबई–नाशिक महामार्ग आणि कल्याण–मुरबाड–माळशेज मार्ग हे येथील मुख्य मार्ग असून दोन्हींवर वाहतूक कोंडी होते. मिसळल्यापासून काँक्रीटची प्रवाहिता घटत जाते, यास स्लम्प ओसरणे म्हणतात. तयार काँक्रीटसंबंधीच्या आयएस ४९२६ या मानकानुसार भरणीपासून साधारण दोन तासांत वाहन रिकामे व्हावे. मंदकाचा वापर असल्यास हा अवधी वाढविता येतो.

उशिरा पोहोचलेल्या वाहनात पाणी ओतून काँक्रीट पातळ करण्याने वर सांगितलेले सर्व नुकसान ओढवते. याला योग्य पर्याय दोन आहेत. प्रवासाचा वेळ आधीच लक्षात घेऊन प्रवाहिता टिकविणारे मिश्रक निवडावे, किंवा अभियंत्याने पूर्वचाचणीत ठरविलेली थोडी मात्रा जागेवर पुन्हा घालून पिंप पूर्ण गतीने काही मिनिटे फिरवावे. दोन्ही उपाय न चालल्यास ते काँक्रीट परत पाठविणेच इष्ट असते.

उन्हाळा व पावसाळा

एप्रिल-मे महिन्यांत येथे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. उष्णतेने सिमेंटची क्रिया वेगाने होते व स्लम्प लवकर ओसरतो. त्यामुळे पहाटे किंवा संध्याकाळी काम करणे, खडीवर पाणी शिंपडून ती थंड ठेवणे आणि मंदकयुक्त मिश्रक वापरणे, हे उपाय केले जातात.

पावसाळ्यात अडचण उलट असते. उघड्यावर पडलेल्या वाळूत पाणी भरलेले असते. एका घनमीटर काँक्रीटमध्ये ७०० किलो वाळू असेल आणि तिच्यात ५ टक्के वरचा ओलावा असेल, तर तिच्यासोबत ३५ लिटर पाणी आपोआप येते. वरील उदाहरणातील १५८ लिटरांतून हे ३५ लिटर वजा केले नाहीत, तर सुपरप्लॅस्टिसायझरने साधलेली जवळजवळ सर्व बचत वाया जाते. वाळूचा ढीग झाकून ठेवणे आणि ओलावा मोजणे हे मिश्रकाइतकेच महत्त्वाचे आहे.

क्युअरिंगचे पाणी

तानसा व भातसा या शहापूर तालुक्यातील जलाशयांतून मुंबईला पाणीपुरवठा होतो. मात्र याच तालुक्यातील अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. बांधकामाचा हंगामही तोच असल्याने स्लॅबवर पाणी मारण्यात हात आखडला जातो. कमी पाण्याचे काँक्रीट केले म्हणून नंतरचे पाणी मारणे टाळता येते, ही समजूत चुकीची आहे. अशा काँक्रीटच्या पृष्ठभागावर पाणी कमी येते. त्यामुळे ऊन व वाऱ्यात त्याला पहिल्या काही तासांतच बारीक भेगा पडू शकतात. आयएस ४५६ नुसार साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस, तर राखमिश्रित सिमेंट वापरल्यास किंवा हवा कोरडी व उष्ण असल्यास किमान १० दिवस क्युअरिंग करणे आवश्यक असते. ओली गोणपाटे, प्लॅस्टिकचे आच्छादन किंवा पृष्ठभागावर फवारावयाचे क्युअरिंग द्रव यांनी थोड्या पाण्यातही ओल टिकविता येते.

मोठी बांधकामे

प्रवाहिता प्रत्येक कामात हवीच असते, असे नाही. घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्पाची धरणे ही भारतातील पहिली रोलर कॉम्पॅक्टेड काँक्रीटची धरणे होत. त्यांपैकी चोंढे येथील खालचे धरण शहापूर तालुक्यात असून त्याची उंची ८६ मीटर आहे. या पद्धतीचे काँक्रीट इतके कोरडे असते की ते पसरून त्यावर कंप पावणारा रूळ फिरवितात. त्यास स्लम्प जवळजवळ नसतो. अशा धरणांत मिश्रकाचे मुख्य काम वाहते करण्याचे नसून घट्ट होणे लांबविण्याचे असते, म्हणजे खालचा थर घट्ट होण्यापूर्वी वरचा थर त्याच्याशी एकजीव होतो.

याउलट बोगदे, उंच खांबांचे पूल व खोल पाया या कामांत काँक्रीट पंपाने दूरवर न्यावे लागते आणि दाट सळयांत उतरवावे लागते. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. शहापूर तालुक्यातून जाणाऱ्या या टप्प्यात घाट उतरताना सुमारे आठ किलोमीटर लांबीचा जुळा बोगदा व उंच पूल आहेत. अशा प्रकारच्या कामांत सुपरप्लॅस्टिसायझरशिवाय काँक्रीट करणे आज व्यवहार्य मानले जात नाही. बोगद्याच्या भिंतीवर फवारण्याच्या काँक्रीटमध्ये आधी प्रवाहिता वाढविणारे मिश्रक आणि फवारणीच्या तोंडाशी त्वरक, अशी परस्परविरुद्ध वाटणारी द्रव्ये एकापाठोपाठ वापरतात.

मर्यादा व दुष्परिणाम

मात्रा जास्त झाल्यास खडी खाली बसते, पाणी वर येते आणि घट्ट होण्यास अनेक तासांचा विलंब लागतो. शर्करायुक्त द्रव्यांच्या बाबतीत हा परिणाम तीव्र असतो. साखरेचे प्रमाण सिमेंटच्या वजनाच्या ०.०५ टक्के असले तरी घट्ट होणे काही तास लांबते आणि ते याच्या अनेक पटींनी वाढल्यास काँक्रीट जवळजवळ घट्टच होत नाही. अति प्रवाही काँक्रीटचा साच्यावरील दाबही वाढतो. त्यामुळे शटरिंगचे सांधे व टेकू अधिक मजबूत असावे लागतात. फटींतून सिमेंटचा रस गळाल्यास तेथे मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ्या राहतात.

प्रत्येक सिमेंटशी प्रत्येक मिश्रकाचे जुळतेच असे नाही. सिमेंटमधील जिप्सम, अल्युमिनेट व अल्कली यांच्या प्रमाणानुसार एकच मिश्रक एका सिमेंटबरोबर तासभर टिकते, तर दुसऱ्याबरोबर पंधरा मिनिटांत निष्प्रभ होते. म्हणून सिमेंटची कंपनी किंवा प्रकार बदलल्यास चाचणी पुन्हा करावी लागते. दोन वेगवेगळी मिश्रके परवानगीशिवाय एकत्र करू नयेत.

चाचण्या

स्लम्प चाचणी ही जागेवरील सर्वांत सोपी चाचणी आहे. ३०० मिलिमीटर उंच, तळाशी २०० व वर १०० मिलिमीटर व्यासाच्या शंकूत काँक्रीट थरांनी भरून प्रत्येक थरास सळईने २५ ठोके देतात. शंकू सरळ वर उचलल्यावर ढीग जितका खाली बसेल, तितका स्लम्प. अति प्रवाही काँक्रीट पसरत असल्याने त्याच्या पसरलेल्या वर्तुळाचा व्यास मोजतात. सिमेंट व मिश्रक यांचे जुळणे पाहण्यासाठी प्रयोगशाळेत मार्श शंकूतून पातळ मिश्रण वाहून जाण्यास लागणारा वेळ मोजतात. ज्या मात्रेनंतर हा वेळ आणखी कमी होत नाही, ती संपृक्त मात्रा होय. त्यापुढे मिश्रक घालणे व्यर्थ असते. अंतिम सामर्थ्य मात्र १५० मिलिमीटरच्या ठोकळ्यांची २८ दिवसांनी दाब चाचणी घेऊनच ठरते.

लहान कामांत घ्यावयाची काळजी

गावातील घराच्या कामावर प्रयोगशाळा नसते, तरीही पुढील गोष्टी पाळता येतात.

मिश्रक मोजपात्राने मोजावे, अंदाजाने किंवा बाटलीच्या झाकणाने नव्हे. कॅन वापरापूर्वी हलवून घ्यावा व त्यावरील मुदत पाहावी. मिश्रक कोरड्या सिमेंटवर ओतू नये. बहुतेक पाणी घालून माल ओला झाल्यावर उरलेल्या पाण्यात मिसळून ते घालावे. पाण्यासाठी एकच खुणेची बादली ठेवावी व गोणीमागे किती लिटर पाणी द्यायचे हे काम सुरू होण्यापूर्वी मुकादमास सांगावे. मुख्य स्लॅबपूर्वी एका गोणीचा माल करून पाहावा. प्रवाही माल असला तरी व्हायब्रेटर टाळू नये, मात्र तो एकाच जागी फार वेळ धरू नये. द्रव हाताळताना हातमोजे वापरावेत आणि कॅन मुलांपासून दूर ठेवावा.

मिक्सरवर उभा असलेला कामगार पाणी वाढवितो, कारण घट्ट माल घमेल्यातून टाकणे व सळयांत दाबणे कष्टाचे असते. त्याचे कष्ट कमी करण्याचा दुसरा मार्ग हाताशी नसेल, तर गुणोत्तराचा नियम कागदावरच राहतो. प्रवाहिता वाढविणारे मिश्रक हा तो दुसरा मार्ग आहे. पाण्याचे माप पाळले तरच त्याचा लाभ घराच्या आयुष्याला मिळतो.

हेही पहा

सिमेंट
पाणी-सिमेंट गुणोत्तर
स्वयंसंघनित काँक्रीट
रोलर कॉम्पॅक्टेड काँक्रीट
तानसा धरण
घाटघर